चोरस्विच

मोटारसायकल पोलीस ठाण्यातून सुटून आली ती टेम्पोत आडवी पडून. पंक्चरवाल्यानं आणि टेम्पोवाल्यानं मिळून ती उतरवली, दुकानाच्या दारात भिंतीला टेकवली. पंक्चरवाला काहीतरी बोलायला गेला, पण नुसतेच हात झटकून बाजूला झाला. एरवी तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. या दुकानात गाड्यांची फक्त विजेची कामं व्हायची, म्हणून अख्खी गल्ली मालकाला करंटआबा म्हणायची, आणि शेजारचा हा पंक्चरवाला रोज सकाळी शटर वर करता करता ओरडायचा, "काय करंटे आबा, आज कुणाच्या अंधारात हात घालायचा?" आबाही त्याला चार शिव्या हासडून हसायचे. आबांचा मुलगा गेल्यापासून पंक्चरवाल्यानं तो शब्द तोंडातून काढला नव्हता. आता तो नुसतं 'आबा' म्हणायचा, आणि ते जास्त लागायचं.

"आत घेऊ नका ती," मागच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. "भंगारवाल्याला निरोप धाडलाय मी."

"आधी मी बघणार आहे."

"काय बघायचं राहिलंय आता?"

काय बघायचं राहिलं होतं ते घरातल्या तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

चोरस्विच म्हणजे गाडीत लपवलेला स्विच. तो बंद असला की किल्ली फिरवा नाहीतर डोकं आपटा, करंट पुढे जात नाही. दिवा नाही, हॉर्न नाही, इंजिन मेलेलं. मालकाला त्याची जागा माहीत आणि चोराला नाही, एवढीच काय ती करामत. आबांनी उभ्या आयुष्यात असे स्विच बसवले त्याला गणतीच नव्हती. पण त्यांचा एक नियम होता. गाडी जो चालवतो त्याचं बोट स्वतःच्या हातानं धरून त्या स्विचवर टेकवायचं, मगच गाडी दुकानातून सोडायची. हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो स्वतःच्या घरात.

मुलगा वाईट नव्हता. पण राग आला की त्याला घर पुरायचं नाही. संध्याकाळी कशावरून तरी ठिणगी पडायची, मग किल्ली उचलायची, कुठेतरी दोन घोट पोटात ढकलायचे आणि गाडी दामटत सुटायचं. तो परत येईपर्यंत घरातल्यांचा जीव टांगणीला. शेवटी एक दिवस सून दुकानात आली. दारात उभी राहून पदराशी चाळा करत म्हणाली, "आबा, तुम्ही लोकांच्या गाड्या चोरांपासून वाचवता. आमची गाडी ह्यांच्यापासून वाचवा की."

आबा हसले होते. नंतर दोन दिवस त्यांना हसू आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा झोपेत असताना त्यांनी गाडीच्या उजव्या पॅनेलमागे, बोट वाकडं करून घातलं तरच लागेल अशा जागी, स्विच बसवला. सुनेला दाखवला, बायकोला दाखवला. ज्याची गाडी त्याला नाही.

स्विच कामाला आला. भांडणाला उकळी फुटायला लागली की सून गुपचूप बाहेर जाऊन बोट घालून यायची. मग मुलगा किका मारमारून घामाघूम व्हायचा, गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि शेवटी थकून आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. सकाळी सून स्विच चालू करून ठेवायची. तो दुकानात येऊन विचारायचा, "आबा, ही सकाळी नीट असते, मग संध्याकाळीच कशी मरते? तुम्ही जगाच्या गाड्या बघता, माझी एकदा बघा ना." आणि ज्यानं कधी गिऱ्हाइकाला खोटा बिघाड सांगितला नाही तो बाप खाली मान घालून, हातातली वायर उगाच पिळत म्हणायचा, "ओल धरते रे कुठेतरी."

त्या संध्याकाळी आबा घरी नव्हते. लांबच्या एका ट्रॅक्टरचे दिवे बघायला गेले होते. परत आले तर गाडी जागेवर नाही, सून उंबऱ्यात पांढरीफटक पडून बसलेली. "आबा, मी बंद केला होता," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी बंद केला होता, तरी गेले." आणि आतून सासू म्हणाली, "बंद केला असतास तर गाडी हलली असती का?"

थोड्याच वेळात निरोप आला. पुलाच्या चढावर गाडी भर रस्त्यात उभी होती. मागून मालानं भरलेला ट्रक आला. ट्रकवाल्यानं पोलिसांना सांगितलं की समोर दिवा म्हणून नव्हता, लाल ठिपकासुद्धा नव्हता.

त्याला आता दोन महिने होत आले होते. या दोन महिन्यांत सासूनं ती गोष्ट गल्लीतल्या दारोदारी पोचवली होती. स्विच असल्याची नव्हे, ते तिनं गिळलं. तिनं सांगितलं ते एवढंच, की माझ्या लेकाला थांबवायचं हिच्या हातात होतं आणि हिनं थांबवलं नाही. वर म्हणते थांबवलं होतं. खोटारडी. बायका सुनेला बघून बोलणं थांबवायला लागल्या. सासूनं तिच्या हातचा चहा टाकला, मग तिच्याशी बोलणं टाकलं, आणि आता तिच्या माहेरी निरोप धाडला होता की येऊन घेऊन जा. सुनेचा भाऊ आज दुपारी यायचा होता. नेमकी आजच गाडीही सुटली.

आबांनी काल बायकोला सांगून ठेवलं होतं, "गाडी येऊ दे. स्विच बंद निघाला तर पोरगी खरी, आणि खरी असेल तर या घरातून जाणार नाही."

"निघाला तर बघू," ती म्हणाली होती. डाळ निवडत होती, मान वर केली नव्हती.

आबांनी चष्मा पुसला, स्टूल ओढून गाडीशेजारी ठेवलं. मागचा भाग चेपून चाकात घुसला होता. पुढचं सगळं जवळपास शाबूत होतं. टाकीवर मुलानं चिकटवलेली चांदणी तशीच होती, एक टोक उचकटलेली. आबांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आबा, मी बल्ब धरू?" मागून सून म्हणाली.

"तू आत जा, बाळ."

"आत कुठं जाऊ?"

आबांनी आपला टेस्टर तिच्या हातात दिला. टेस्टर म्हणजे एक छोटा बल्ब, त्याला दोन लांब वायरी. एक वायर गाडीच्या लोखंडाला चिमट्यानं लावायची, ती अर्थ. दुसरीचं टोक जिथं करंट शोधायचा तिथं टेकवायचं. बल्ब लागला तर तिथवर करंट आहे, नाही लागला तर मागे कुठेतरी तुटलंय. चाळीस वर्षं आबांचं सगळं शहाणपण त्या बल्बात होतं.

पंक्चरवाल्याला राहवलं नाही. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवता बुडवता तो हळूच म्हणाला, "आबा, अर्थ लागला का?"

"बॉडीला लागला," आबा म्हणाले. "डोक्याला अजून नाही."

दोघंही किंचित हसले, आणि दोघांनाही लगेच हसल्याची लाज वाटली.

जुनी बॅटरी पार बसली होती. आबांनी दुकानातली भरलेली बॅटरी आणून डाव्या बाजूच्या खोबणीत बसवली, टोकं आवळली. किल्ली फिरवली. काही नाही. हॉर्न दाबला, तोही मुका. फ्यूज काढून उजेडात धरला. तार अखंड होती.

"फ्यूजला टेकव."

सुनेनं टोक टेकवलं. बल्ब लागला.

"फ्यूजच्या पलीकडे."

लागला.

"आता इथं वर, किल्लीच्या लॉकपाशी. ही तपकिरी वायर."

तिनं टोक टेकवलं. बल्ब लागला नाही. तिनं पुन्हा टेकवलं, दाबून धरलं, टोक खरवडून बघितलं. बल्ब आंधळाच.

फ्यूज आणि लॉक यांच्या मधे आबांनी स्वतःच्या हातानं एकच गोष्ट घातली होती. ते स्टूलवरून उठले, वळसा घालून उजव्या बाजूला आले, जमिनीवर बसले. पॅनेल चेपून अडकलं होतं, त्यामागे हात जायला जागाच नव्हती. पाना घालून त्यांनी ते उपटलं. आत तेलकट मातीचा थर होता. त्या थराखाली, त्यांनी बसवला होता तसाच, बाटलीच्या टोपणाएवढा स्विच होता. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि नाक त्याच्याजवळ नेलं.

स्विच बंद होता.

त्यांनी बोटानं पुसून परत बघितलं. बंद. टक् करून खाली पाडलेला, जसा हात सवयीनं पाडतो तसा.

"बंद आहे," ते म्हणाले. "पोरी, बंद आहे."

सुनेनं हातातला बल्ब दोन्ही मुठींत घट्ट धरला.

आबांनी स्विच वर केला. आणि गाडी जागी झाली. पुढचा दिवा भर दिवसा पिवळा पेटला, मीटरमधला हिरवा ठिपका लागला. कुठे काही बिघाड नव्हता. दोन महिने पावसापाण्यात पडून, ट्रकचा मार खाऊन, त्या गाडीच्या वायरिंगला काडीचं दुखणं नव्हतं. आबांनी नकळत हॉर्नचं बटण दाबलं.

मुलानं हौसेनं बसवलेला दोन सुरांचा हॉर्न होता तो. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे तसा नव्हता. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि बायको ओल्या हातांनी धावत दारात आली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आबांनी पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. मग तिला गाडी दिसली, नवरा दिसला, सून दिसली, आणि तिचा चेहरा भिंतीसारखा झाला.

"बंद होता," आबा म्हणाले. "ही खरं बोलत होती."

"पोलिसांनी केला असेल."

"पोलिसांना जागा कुठं माहीत? पॅनेल मी आत्ता उपटलं. तू, मी आणि ही, तिघांशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"असेल तर असेल." तिनं हात पदराला पुसले. "माझा लेक परत येणार आहे का त्यानं?" आणि ती आत गेली.

आबांना वाटलं होतं, ती रडेल. निदान सुनेकडे एकदा बघेल. पंक्चरवालाही घमेल्यावरून मान उचलून बघत होता, त्यानं पटकन मान खाली घातली.

"आबा," सून म्हणाली. "स्विच बंद होता, तर हे गेले कसे?"

हाच प्रश्न आबांच्या मनात स्विच दिसल्या क्षणी उभा राहिला होता, आणि त्यांनी त्याला हॉर्न वाजवून गप्प करायला बघितलं होतं. बंद गाडी चढावापर्यंत जात नाही. ती कुणीतरी डायरेक्ट केल्याशिवाय जात नाही. डायरेक्ट म्हणजे मधलं सगळं टाळून, बॅटरीवरून थेट लॉकच्या पलीकडे एक वायर ओढायची. गाडीला वाटतं किल्ली लागली, फ्यूज आहे, सगळं ठीक आहे. आणि मधे काही झालं तर अडवायला कुणी नसतं.

"टाकी उचलावी लागेल," ते म्हणाले. "तू आत... नाही. धर इथं."

दोघांनी टाकी उचलून बाजूला ठेवली. खाली इंजिनाच्या माथ्यावर प्लास्टिक वितळून काळा डाग पडला होता, आणि त्या डागात एका वायरीचं टोक चिकटून बसलं होतं. पुढच्या टोकाला तांब्याचा बारीक मणी झाला होता. करंटानं जळून तुटलेल्या तारेला तसा मणी येतो. आबांना ते बघायला बल्ब लागला नाही. वायर पातळ होती. चढावर इंजिन तापलं, वायरीचं अंग मऊ झालं, तांबं लोखंडाला टेकलं. एक ठिणगी, आणि इंजिन, पुढचा दिवा, मागचा दिवा, सगळं एका दमात गेलं. मुलगा अंधारात उतरला असणार. सीटचा बोल्ट अर्धा सैल केलेला होता. तो बिघाड शोधत होता. बापाच्या धंद्याला नाकं मुरडणारा पोरगा, भर रस्त्यात, चाचपडत, बापाचंच काम करत होता, तेव्हा मागून ट्रक आला.

त्यांनी हे सगळं तिला सांगितलं नाही. थोडंच सांगितलं. पण बाकीचं तिनं स्वतः जोडलं.

"म्हणजे मी बंद केला नसता," ती म्हणाली, "तर त्यांना ही वायर लावावी लागली नसती."

"तू नाही. मी बसवला."

"मी सांगितलं म्हणून."

"सांगतं कुणीही. बसवणाऱ्यानं नाही म्हणायचं असतं."

ती खाली बसली, स्टूलवर नव्हे, खालीच, तेलाच्या डागांवर. रडली नाही. दोन महिने ज्या गोष्टीसाठी ती तोंड उघडत होती ती खरी निघाली होती, आणि खरी निघाली तीच तिला खायला उठली होती. आबा त्या वायरीकडे बघत राहिले. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून बघत राहिले. आणि मग त्यांना दिसलं की वायर त्यांच्या ओळखीची आहे.

पिवळी वायर, अंगावर बारीक काळी रेघ. गाड्यांत अशी वायर कुणी वापरत नाही. हिचा एकच तुकडा त्यांच्याकडे होता, कधीकाळी एका मोडक्या रेडिओतून काढलेला, आणि तो त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनवरच्या दिव्याला लावला होता. चोळ्या-पोलकी शिवताना तिचे डोळे दुखतात म्हणून. मुलगा गेल्यापासून मशीनवर चादर होती, कुणी काढली नव्हती.

वायरीचं बॅटरीकडचं, ट्रकच्या धक्क्यानं निसटून लोंबणारं टोक त्यांनी हातात घेतलं. त्याचं प्लास्टिक दातांनी सोललेलं होतं, दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. ती मुलाची जुनी खोड, पकड शेजारी असली तरी दात. पण त्याच टोकाला तांबं एका फटक्यात सरळ कापलेलं होतं. पकडीनं तार चेपते, दातांनी तुटते वेडीवाकडी. इतकी सरळ कापते ती फक्त चांगल्या धारेची शिंप्याची कात्री. ती कात्री बायको कमरेच्या किल्लीनं उघडणाऱ्या खणात ठेवायची आणि घरात कुणाला, मुलालासुद्धा, हात लावू द्यायची नाही.

आबा उठले. गुडघे कडाडले. ते आत गेले, कोपऱ्यातल्या मशीनवरची चादर त्यांनी ओढली. दिवा होता, खाली लोंबणारी वायर वितभर होती. बाकीची कापून, उरलेलं टोक नीट दुमडून मशीनच्या मागे खोचून ठेवलं होतं.

बायको चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं वळून बघितलं नाही. पण हात थांबले.

"तू दिलीस," आबा म्हणाले.

ती तशीच, पाठमोरीच म्हणाली, "त्यानं मागितली. म्हणाला, आई, हातभर वायर दे, आज मी हिला चालू करूनच दाखवतो. मी कापून दिली."

"स्विच बंद आहे हे तुला ठाऊक होतं?"

"हिला जाताना बघितलं होतं मी."

"मग दोन महिने..." आबांनी हातातली चादर चुरगाळली. "अगं, मग दोन महिने तू काय बोलत होतीस लोकांत?"

ती वळली. डोळे कोरडे होते. "किका मारून मारून तो वेडा झाला होता. हिच्यावर धावून जायला लागला होता. म्हणत होता, हिचाच काहीतरी हात आहे यात. मला वाटलं, मारेल हिला, म्हणून हिला आत ढकललं. गेला एकदाचा तर वारा लागून शांत होईल. मी त्याला घालवायला नाही दिली वायर. हिला वाचवायला दिली."

"वायर कशाला? स्विच चालू करायचास. बोट घातलं की झालं असतं. फ्यूज होता, सगळं होतं. काही झालं नसतं त्याला."

"त्याच्यासमोर?" तिचा आवाज एकदम चढला. "त्याच्यासमोर बोट घालू? आणि त्याला कळू दे, की त्याच्या बापानं, आईनं आणि बायकोनं मिळून त्याला चोर ठरवलाय? रोज संध्याकाळी त्याला वेड्यात काढलंय? काय तोंड दाखवलं असतं मी त्याला? म्हटलं, राहू दे. वायर तर वायर."

आबा मशीनच्या कडेला टेकले. ती म्हणत होती ते त्यांनाही कळत होतं, आणि कळत होतं म्हणून ते अधिकच असह्य होतं.

"आणि मग?" ते म्हणाले.

"मग काय? निरोप आला. दोष घ्यायला कुणीतरी हवं होतं ना." तिनं चेहरा पदरात घेतला. "स्वतःच किती वेळ धरायचा माणसानं? हात भाजायला लागले. दिला हिच्या हातात."

दारात हालचाल झाली. सून उभी होती. कधीपासून उभी होती ते विचारायची गरज नव्हती. तेलाचा काळा डाग तिच्या लुगड्यावर तसाच होता. ती सासूकडे बघत होती, रागानं नव्हे. बाजारात ओळखीचं माणूस दिसावं आणि ते कोण हे आठवू नये, तसं.

"तुम्हांला माहीत होतं, आई," ती म्हणाली. "मी रोज शपथा घेत होते, आणि तुम्हांला माहीत होतं."

त्याच वेळी बाहेर रिक्षा थांबली. सुनेचा भाऊ उतरला, दारातली उघडी गाडी बघून थबकला, आणि पंक्चरवाल्यानं त्याला काहीतरी सांगून बाहेरच थांबवलं.

"जायचं नाही तू," आबा म्हणाले. "मी बोललो होतो. स्विच बंद निघाला तर तू या घरातून जाणार नाही."

"आबा, स्विच बंद होता म्हणून मी राहू?" ती म्हणाली. "चालू असता तर हे घरी असते."

तिची पेटी सकाळीच बांधून तयार होती. ती उचलून ती बाहेर आली. आबांच्या पायांपाशी वाकली तेव्हा आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हात काढायचं त्यांना सुचेना. तिनंच हळूच मान सोडवून घेतली. भाऊ मुकाट्यानं पेटी घेऊन रिक्षेकडे गेला.

ती रिक्षेत बसली, तेवढ्यात सासू मागून आली. अनवाणीच. रिक्षेच्या दांडीला धरून, श्वास घेत म्हणाली, "तू बंद केला होतास. खरंच केला होतास. वायर मी दिली. चुकलं माझं."

सून थोडा वेळ तिच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला काय सांगता, आई? मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ज्यांना ते सांगितलंत, त्यांना हे सांगा."

रिक्षा गेली. धूर विरेपर्यंत म्हातारी तिथंच उभी होती. पंक्चरवाला उगाचच कोरड्या ट्यूबवर फुंकर घालत होता. मग ती आत आली, पायांत चपला घातल्या, डोक्यावरून पदर घेतला.

"कुठं?" आबा म्हणाले.

"सांगायला."

आबांनी तिला अडवलं नाही, आणि ते तिच्याबरोबरही गेले नाहीत. दुकानाच्या दारातून बघत राहिले. पहिलंच दार पंक्चरवाल्याच्या बायकोचं. याच दारात बसून दोन महिने म्हातारीनं सुनेचा उद्धार केला होता. तिनं कडी वाजवली. दार उघडलं. पंक्चरवाल्याची बायको म्हणाली, "या ना, बसा ना. गेली का एकदाची?"

म्हातारीनं तोंड उघडलं. ती तशीच उभी राहिली. समोरची बाई वाट बघत होती. एक सायकल मधून गेली, एक कुत्रं आडवं गेलं.

"जरा वाटीभर साखर होती का गं?" म्हातारी म्हणाली.

ती वाटी घेऊन परत आली. घरातला साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता, हे दोघांनाही माहीत होतं. आबांकडे न बघता ती मशीनपाशी जाऊन बसली. वाटी मांडीवर धरून, सांडू नये अशी दोन्ही हातांनी.

आबा बाहेरच थांबले. गाडीचा दिवा दुपारच्या उन्हात अजून जळत होता. त्यांनी किल्ली फिरवून तो विझवला, बॅटरीची टोकं सोडवली आणि टाकी परत जागेवर ठेवायला घेतली. एकट्याला ती उचलेना. पंक्चरवाला न बोलावता आला आणि त्यानं दुसरी बाजू धरली.